लोखंडे सिस्टरांचा बुधवार

जे पुस्तक मी उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं, ते माझं सर्वांत आवडतं पुस्तक आहे असं मी एका बाईंना सांगितलं. एवढ्यावर गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं. पण तशी मला सवय नाही. पुढे म्हणालो, "तीनदा वाचलंय."

त्या बाई म्हणजे लोखंडे सिस्टर. त्या आता कुठे असतात मला ठाऊक नाही. असतील तिथे वाचत असतील, एवढं खात्रीनं सांगतो. माझ्या खात्रीला फारसा भाव नाही, हे पुढे कळेलच.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार. मी तलासरीच्या बाजूला एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधांच्या स्टोअरचा कारकून होतो. घर डहाणूला, नोकरी तलासरीकडे, जीव दोन्हीच्या मधल्या एसटीत. दर बुधवारी केंद्राची जीप लसीचा डबा घेऊन पूर्वेकडच्या उपकेंद्रांना फिरायची. बाटल्या आणि सुया मोजून द्यायच्या, रजिस्टरवर सही घ्यायची, म्हणून डब्याबरोबर मी. जीप चालवायचा झाईचा मेहेर. कोळ्याच्या पोराला डोंगर चढायला लावलाय, याचा राग तो गिअरवर काढायचा.

शेवटचं उपकेंद्र लोखंडे सिस्टरांचं. गाव म्हणायला एक, पण सात पाडे सात टेकड्यांवर पसरलेले. मधे भाताची खाचरं, वर उतारावर नाचणी आणि वरी. उपकेंद्राच्या दोन खोल्या कुणाच्याच शेजारी नव्हत्या. एका खोलीत तपासणीचं टेबल, दुसरीत सिस्टर. बाई नगरकडच्या, चाळिशीच्या आसपास, उंच, हडकुळ्या. पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि काखेत काळी छत्री, ऊन असो नसो.

पहिल्याच दिवशी त्यांनी बाटल्या मोजल्या, सही केली, पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, "तुम्ही डहाणूला राहता ना? तिथं वाचनालय आहे?"

"आहे की."

"जाता?"

"जाता म्हणजे काय, सभासद आहे!" हे खरं होतं. बायकोनं मासिकं आणण्यासाठी माझ्या नावावर कार्ड काढलं होतं. मी स्वतः वाचनालयात एकदाच गेलो होतो, तिथला पंखा चांगला आहे असं ऐकून.

"तिथं माझं कार्ड होत नाही," सिस्टर म्हणाल्या. "मी पत्र टाकलं होतं. गावात राहणाराच सभासद पाहिजे म्हणतात. मग तुमच्या कार्डावर एखादं आणाल का? कुठलंही नको. तुम्हाला आवडलेलं."

डहाणूच्या वाचनालयात चुरीकाका ग्रंथपाल होते. चिखल्याहून रोज सायकलनं यायचे, आणि सायकलला कुलूप घालून झालं की तोच चेहरा घेऊन पुस्तकांवर बसायचे. मी म्हटलं, "काका, एक जाडसं द्या."

"विषय?"

"विषय काही असू दे. महिनाभर पुरलं पाहिजे."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि लाल कापडी बांधणीची साडेचारशे पानी कादंबरी टेबलावर ठेवली. तिचं नाव इथे सांगत नाही. सांगितलं तर तुम्हीही मला तिच्यावर प्रश्न विचाराल, आणि ते मी पुष्कळ भोगलं आहे. तीच मी पुढच्या बुधवारी सिस्टरांच्या हातात दिली आणि वर ते तीन वाचनांचं वाक्य.

महिनाभर कसलं, त्याच्या पुढच्या बुधवारी पुस्तक वाचून तयार. स्टूल पुढे ढकलून सिस्टर म्हणाल्या, "बसा. मला एक सांगा राऊतभाऊ, त्या थोरल्या सुनेनं शेवटी विहिरीवर जे केलं, ते तुम्हाला पटलं?"

कादंबरी, सून आणि विहीर एवढं एकत्र आलं की पुढे काय होतं ते सांगायला पुस्तक वाचावं लागत नाही, असा माझा समज. मी चेहरा पाडला. "पहिल्या दोन वाचनांत नाही पटलं. जीव देणं हा काही मार्ग नव्हे."

सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "तिनं जीव दिला नाही हो. तिनं स्वतःच्या डोक्यावरची भरलेली घागर उतरवली आणि धाकट्या जावेच्या डोक्यावर ठेवली. वीस वर्षांत दोघी एक शब्द बोललेल्या नव्हत्या. आणि तेव्हाही बोलली नाही. रिकामी घरी गेली."

"तेच म्हणतोय मी," मी म्हणालो. "एका अर्थी जीवच दिला."

जीपमधून मेहेर खोकला. सिस्टर हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "चहा टाकते," म्हणाल्या.

माझी समजूत अशी की मी सुटलो. आणि त्याच समजुतीत पुढची दोन वर्षं दर बुधवारी त्यांच्याकडे पुस्तकं पोचवत राहिलो.

लोखंडे सिस्टरांचं अंतर मोजायचं माप वेगळं होतं. त्या पाड्यांवर चालत फिरायच्या, वाटेत बसायला सावली आणि दगड असे तिथे टेकून दहा पानं वाचायच्या आणि उठायच्या. "अमुक पाडा किती लांब?" असं नव्या डॉक्टरांनी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "वीस पानं." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "साहेब, दोन दगड लागतात वाटेत." साहेबांना तेही कळलं नाही, पण त्यांनी डायरीत काहीतरी लिहून घेतलं.

पुस्तक उपडं ठेवलेलं त्यांना खपत नसे. मी एकदा चहाचा कप घ्यायला हातातलं पुस्तक टेबलावर पालथं टाकलं तर त्यांनी ते उचलून मिटलं. "माणसाला असं पालथं टाकून जाल का?" पुस्तकांना कव्हरं घालायच्या तीसुद्धा सरकारी. कुटुंबनियोजनाची उरलेली पोस्टरं उलटी करून घालायच्या, पण कागद पातळ असल्यामुळे लाल त्रिकोण पलीकडून दिसायचाच. चुरीकाका परत आलेलं पुस्तक दोन बोटांत धरून म्हणायचे, "राऊत, ही ऐतिहासिक आहे ना रे? मग हे काय? किल्लेदाराला दोनच मुलं पुरे?"

आणि एक. पुस्तक कितीही रंगलं तरी शेवटची पंचवीस-तीस पानं त्या मंगळवारसाठी राखून ठेवायच्या. "सोमवारी संपलं की मंगळवार अंगावर येतो," म्हणायच्या. एखाद्या बुधवारी ओढ्याला पाणी आलं, जीप गेली नाही, की त्याच पुस्तकाच्या पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात. हे मला मेहेरनं सांगितलं. मी त्याला म्हटलं, "मग बरंच झालं, एका पुस्तकात दोनदा भागलं." मेहेर गिअर टाकत म्हणाला, "तुम्ही राऊतसाहेब, बुद्धीनं फार हुशार."

स्वतःबद्दल त्या बोलत नसत. नवरा होता की नव्हता, आहे की नाही, हे केंद्रातल्या कुणालाच नक्की माहीत नव्हतं आणि प्रत्येकाला पक्कं माहीत होतं. मी एकदा आडून विचारलं तर म्हणाल्या, "माझं काही सांगण्यासारखं नाही. त्यापेक्षा हिचं ऐका," आणि चालू पुस्तकातल्या कुठल्याशा मावशीची हकिगत सांगायला लागल्या. सांगता सांगता मधेच थांबून विचारायच्या, "तुम्हाला काय वाटतं, तिनं पत्र का फाडलं असेल?" मला ही तोंडी परीक्षा वाटायची. मी म्हणायचो, "तिचा स्वभावच तसा." हे उत्तर नव्वद टक्के पुस्तकांना चालतं. उरलेल्या दहा टक्क्यांना "काळच तसा होता" हे चालतं. मी खुशीत यायचो की आजही पास झालो.

त्यांच्याकडे एक जिवलीआजी येऊन बसायची. खालच्या पाड्यावरची, घरची शेती, नातवंडांचा गोतावळा. दुपारी भाकरी थापून झाली की काठी टेकत वर यायची आणि सिस्टरांच्या ओट्यावर पाय पसरून बसायची. सिस्टर तिला पुस्तकातलं सांगायच्या. एके बुधवारी मी डबा उतरवत होतो तर आजीनं मला काठीनं थांबवलं.

"तू डहाणूचा ना रे?"

"हो आजी."

"मंग ते सिस्टरचे जावेला तू वळखत असशील. मोठी बोलत नाय धाकटीशी. वीस वरसं झाली. तू का नाय समजावत तिला?"

मी म्हटलं, "समजावतो."

"नुसता समजावतो नको करू," आजी म्हणाली आणि पदराखालून हातभर लांब डोंगरी काकडी काढून माझ्या हातात दिली. "ही दे मोठीला. बोल, आजीनं दिली. खा आणि तोंड उघड."

ती काकडी मी आणि मेहेरनं तलासरी नाक्यावर मीठ लावून खाल्ली. पुढच्या बुधवारी हा किस्सा मी सिस्टरांना रंगवून सांगितला. मला वाटलं होतं पोट धरून हसतील. त्या टेबलावरचा कापूस सारखा करत राहिल्या.

"मी तिला सांगितलं होतं, हे पुस्तकातलं आहे म्हणून. ती म्हणाली, असू दे, असतील ना कुठंतरी." मग म्हणाल्या, "खरं सांगू का, माझ्याकडे पाहुण्या म्हणून पुस्तकातल्या त्या जावाच तेवढ्या येतात. आजीचं काही चुकलं नाही. काकडी तुम्ही खायला नको होती."

मी ओशाळलो. म्हणजे चेहरा तसा केला.

ते लाल पुस्तक वर्षातून दोनदा तरी त्या पुन्हा मागवत. आणि प्रत्येक वेळी थोरली का बोलली नाही, हाच विषय. एकदा म्हणाल्या, "रागानं बोलली नसेल." कितीतरी महिन्यांनी म्हणाल्या, "नाही हो, राग नव्हता. बोलली असती तर रडू आलं असतं, आणि डोक्यावर घागर घेऊन रडता येत नाही." आणि मग एकदा, बाहेर जीप सुरू होऊन घरघरत असताना, दारात उभं राहून म्हणाल्या, "मला आता असं वाटतं की ती बोलायचंच विसरली होती. घरात बोलायला कोण होतं तिला?"

मी घड्याळ बघत म्हणालो, "काळच तसा होता."

आता माझ्या मूर्खपणाचा कळस. वाचनालयाचा वार्षिक समारंभ जवळ आला तेव्हा चुरीकाकांनी वर्षभराची रजिस्टरं काढली आणि सर्वांत जास्त पुस्तकं नेणारा वाचक शोधून काढला. तो मी निघालो. काका सायकल न चालवता, हातात धरून, माझ्या घरी आले. "राऊत, मला माफ कर. पंख्यासाठी आलेला माणूस समजत होतो मी तुला."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. काका गेल्यावर म्हणाली, "अहो, तुम्ही? पेपरातलं राशिभविष्यसुद्धा माझ्याकडून वाचून घेता. सांगून टाका की पुस्तकं त्या सिस्टर वाचतात म्हणून."

सांगून टाकायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. कदाचित त्या एका वाक्यावर सिस्टरांना त्यांच्या नावाचं कार्डही मिळालं असतं. पण निमंत्रणपत्रिका छापून आली, तिच्यावर माझं नाव मधोमध, आणि खाली 'माझं आवडतं पुस्तक या विषयावर मनोगत'. छापलेलं नाव बघितलं की माणसाचं तोंड बंद होतं. माझं तरी झालं.

मनोगताला मला काही वाचावं लागलं नाही. दोन वर्षं दर बुधवारी चहाबरोबर मला ते पाजलं गेलं होतंच. मी उभा राहिलो, लाल पुस्तक हातात धरलं आणि म्हणालो, "थोरली का बोलली नाही? पहिल्या वाचनात मला वाटलं, रागानं. दुसऱ्या वाचनात वाटलं, बोलली असती तर रडू आलं असतं, आणि डोक्यावर घागर घेऊन रडता येत नाही. आणि तिसऱ्या वाचनात..." इथे मी थांबलो. चांगले वक्ते थांबतात हे मी पाहिलं होतं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावलेले.

आणि त्या थांबण्यात मला शेवटच्या रांगेत काळी छत्री दिसली.

मेहेरनं पत्रिका त्यांना दाखवली होती. सिस्टर अर्ध्या दिवसाची रजा काढून, दोन एसट्या बदलून आल्या होत्या. त्या पुस्तकावर कोणीतरी माणूस बोलणार आहे म्हणून.

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. मी त्यांचं तिसरं वाक्यही त्यांच्यासमोर माझं म्हणून बोलून टाकलं. टाळ्या पडल्या. बोर्डीहून आलेले एक निवृत्त शिक्षक उभे राहिले आणि म्हणाले, "उत्तम. थोरलीचं समजलं. पण धाकटीनं ती घागर का घेतली? तिला नाही म्हणता आलं असतं."

हे कुठल्याच बुधवारी झालं नव्हतं. मी म्हणालो, "वेळेअभावी हा प्रश्न आपण वाचकांवर सोडू." पाहुण्यांनी, ते चिकूच्या वाडीचे मालक होते, माझ्या हातात पेन आणि चिकूचं रोप दिलं. वर पाहिलं तर शेवटच्या रांगेतली खुर्ची रिकामी. तलासरीची शेवटची गाडी गाठायची असणार. रोप महिन्याभरात वाळलं. त्याला तरी लाज होती.

पुढच्या बुधवारी मी गेलो नाही. स्टोअरची मोजदाद काढली. त्याच्या पुढच्या बुधवारी पोटदुखी काढली. असे पाच बुधवार. मेहेर एकटाच डबा घेऊन जायचा. त्याच्याबरोबर पुस्तक पाठवायचं तर वाचनालयात जावं लागणार, आणि वाचनालयात चुरीकाका मला बघून खुर्चीवरून उठायला लागले होते. तेव्हा मी पुस्तकही पाठवलं नाही. आपण लाजतो तेव्हा दुसऱ्या कुणाचा मंगळवार रिकामा जातोय, हे लाजणाऱ्याला सुचत नाही.

पाचव्या बुधवारी संध्याकाळी मेहेर स्टोअरच्या दारात उभा राहिला. आत आला नाही. "तुम्ही शेवटचं दिलेलं ते निळं पुस्तक सिस्टरनं पाचव्यांदा काढलंय. जिवलीआजी पण कंटाळली. म्हणते, या माणसांचं आता मला पाठ झालं, दुसरी माणसं आण."

"सिस्टर काही म्हणाल्या?"

"म्हणाल्या, पुस्तक नाही तर नाही. राऊतभाऊ का येत नाहीत?"

सहाव्या बुधवारी गेलो. दोन पुस्तकं घेऊन, शिव्या खायच्या तयारीनं. सिस्टरांनी बाटल्या मोजल्या, सही केली, पेनाला टोपण लावलं.

"रागावला असाल," मी म्हणालो.

"कशाला? मी दोन वर्षं या खोलीत तेच बोलत होते. तुमच्या तोंडून का होईना, शंभर माणसांनी ऐकलं. बायका रडल्या. मला बरं वाटलं."

"मी ते पुस्तक वाचलेलं नाही, सिस्टर."

"ते मला पहिल्याच बुधवारी कळलं."

"मग दर बुधवारी मला विचारत का होतात?"

त्यांनी स्टोव्ह पेटवला. पिन मारली, काडी लावली, ज्योत निळी होईपर्यंत बघत राहिल्या. माझ्याकडे पाठ करूनच बोलल्या. "विचारणार कुणाला? जिवलीआजी त्यांना काकडी देते. तुम्ही मान हलवता. ती पण दर वेळी चुकीच्या जागी हलवता. पण हलवता तरी." मग वळल्या. "मला तुमच्या भाषणाचं काही वाटलं नाही. त्या मास्तरांनी धाकटीचं विचारलं तेव्हा तुम्ही वेळेअभावी म्हणालात, त्याचं वाटलं. मला सांगायचं होतं हो त्यांना. मी हात वर केला होता."

मी तो हात पाहिला नव्हता.

त्या बुधवारी त्यांनी धाकटीचं मला सांगितलं असतं. मीच म्हटलं, "थांबा. आता सांगू नका. मी वाचतो, मग बोलू." इतकी शहाणपणाची गोष्ट मी आयुष्यात फार कमी वेळा बोललो आहे, आणि तीही चुकलीच.

लाल पुस्तक मला तीन आठवडे पुरलं. पहिली चाळीस पानं म्हणजे खडी फोडणं. बायको येता-जाता म्हणायची, "ओठ हलतायत तुमचे." सत्तराव्या पानावर ते थांबले. दोनशेव्या पानावर माझी एसटी तलासरीला थांबली आणि मी उतरलो नाही. पुढच्या गावाहून चालत मागे आलो. आणि शेवटी विहिरीवर ती घागर उतरवते तिथे, मला आधीपासून सगळं ठाऊक असताना, शंभर माणसांसमोर मी ते सांगितलेलं असताना, मला पुढचं दिसेना. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून मी चष्मा पुसला. फरक पडला नाही. तेव्हा कुठे मला कळलं, लोखंडे सिस्टर दर बुधवारी काय घेऊन बसलेल्या असायच्या आणि समोर कोण बसलेलं असायचं.

मी बुधवारची वाट बघायला लागलो. तो बुधवार आला तर जीपमध्ये बसायच्या आधीच मेहेर म्हणाला, "सिस्टरची बदली झाली. त्यांच्या जिल्ह्यात. मागे कधी अर्ज केला होता, तो आता पावला. शुक्रवारी जातात."

उपकेंद्रावर त्या दिवशी लसीला गर्दी होती. कडेवरच्या पोरांचं रडणं, जिवलीआजीचं वेगळं रडणं. दोन शब्द बोलता आले नाहीत. मी एवढंच विचारलं, "तिकडे कोण आहे तुमचं?"

"चुलतभाऊ आहे एक. पत्र लिहीत नाही. पण आहे."

शुक्रवारी मी रजा टाकली आणि डहाणू रोड स्टेशनवर गेलो. सिस्टर बाकावर बसल्या होत्या. एक ट्रंक, एक वळकटी, छत्री. मांडीवर पुस्तक नव्हतं. वाचनालयाची सगळी त्यांनी आदल्याच दिवशी मेहेरकडे परत पाठवली होती, कव्हरं काढून. रिकाम्या हातांनी त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. विरारकडची शटल पाऊण तास उशिरा होती.

मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "वाचलं."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. बाकावर त्या माझ्याकडे वळून बसल्या. "सगळं?"

"सगळं! अहो, थोरलीचं तुमचं काहीतरी राहून गेलंय," मी सुरुवात केली. आणि जो सुटलो तो सुटलो. दोनशेव्या पानाचं सांगितलं. सासऱ्याचं सांगितलं. एसटीतून न उतरल्याचं सांगितलं. विहिरीचे काठ कसे असतील, घागर तांब्याची असेल की पितळेची, वीस वर्षांत किती वेळा दोघी समोरासमोर आल्या असतील, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा मला एका पुस्तकाबद्दल खरं बोलायचं होतं, आणि ऐकायला असा माणूस मिळाला होता की ज्याला आधी गोष्ट सांगावी लागत नाही. सिस्टर मान हलवत होत्या. बरोबर जागी. एकदा म्हणाल्या, "धाकटीचं मला असं वाटतं..."

"धाकटीचं ना? ते मी सांगतो," मी म्हणालो आणि धाकटीवर वीस मिनिटं बोललो.

शटल आली. डबा बराच रिकामा होता. मी ट्रंक चढवली, वळकटी चढवली, आणि चढवता चढवता धाकटीच्या माहेरचं बोलत राहिलो. सिस्टर खिडकीशी बसल्या. छत्री मांडीवर आडवी. मी खाली उभा राहून गजांना धरून सांगत होतो की घागर घेताना धाकटीचे हात कुठे असतील, हा खरा प्रश्न आहे. गाडी हलली. मी बरोबर चालायला लागलो, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की त्या मघापासून काहीतरी बोलायला बघतायत.

"काय म्हणत होतात?" मी ओरडून विचारलं.

सिस्टर खिडकीच्या गजांपर्यंत वाकल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या खरोखर वैतागलेल्या दिसल्या.

"राऊतभाऊ, तुम्ही न वाचता यायचात तेच बरं होतं. तेव्हा निदान मला तोंड उघडायला मिळायचं."